चित्र आणि चित्रओळ : १९७१ च्या युद्धातील काही छायाचित्रांचे वाचन

युद्धकालीन छायाचित्रांची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : चित्र खरे की बनावट? काचेवर किंवा फिल्मवर कोणी हात चालवला असेल तर चित्र बनावट, नसेल तर खरे, अशी या चर्चेची सोपी वाटणी असते. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धातील एका अत्यंत परिणामकारक छायाचित्राला ही वाटणी लावून पाहिली की तिचा अपुरेपणा लक्षात येतो. त्या चित्रातील विमाने खरी होती, आकाशात उघडलेल्या छत्र्या खऱ्या होत्या आणि त्यांना लटकलेले सैनिकही भारतीय लष्कराचेच होते. चित्रावर कोणताही कृत्रिम संस्कार झालेला नव्हता. तरीही त्या चित्रावरून जगाने जे घडले असे मानले, ते तसे घडलेले नव्हते. हा खोटेपणा चित्रात नव्हता, तर मग तो कोठे होता? प्रश्न वरवर छायाचित्रकलेचा वाटला तरी मुळात तो अर्थनिर्णयाचा आहे, आणि म्हणूनच साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येतो.

१

अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कसा ठरतो, याचा विचार भारतीय परंपरेत फार पूर्वी झालेला आहे. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त अर्थाचे नियमन करणाऱ्या कारणांची यादी दिली आणि पुढे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त तिचा आधार घेतला. संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, देश, काल ही त्यांतील काही कारणे होत. ‘सैंधव आण’ या वाक्यात सैंधव म्हणजे मीठ की घोडा, हे शब्द सांगत नाही. वाक्य जेवणाच्या पानावर उच्चारले की प्रवासाला निघताना, यावर ते ठरते. या यादीत आणखी एक कारण आहे, ते म्हणजे दुसऱ्या शब्दाचे सान्निध्य. शेजारी कोणता शब्द ठेवला आहे, त्यावरून संदिग्ध शब्दाचा अर्थ निश्चित होतो.

छायाचित्र हे पर्सच्या परिभाषेत निर्देशक चिन्ह आहे. धूर जसा अग्नीकडे, तसे ते आपल्या विषयाकडे बोट दाखवते, कारण त्या विषयावरून आलेल्या प्रकाशानेच ते घडलेले असते. रोलाँ बार्थ याने छायाचित्राच्या या ‘घडून गेलेपणा’वर विशेष भर दिला आहे. परंतु निर्देशक चिन्हाची मर्यादाही येथेच आहे. काहीतरी कॅमेऱ्यासमोर होते, एवढीच ग्वाही छायाचित्र देते. ते काय होते, कोठे होते, केव्हा होते आणि कोणी कोणाला केले, याविषयी ते बहुधा मौन पाळते. देश, काल आणि प्रकरण ही तिन्ही नियामके त्याला बाहेरून पुरवावी लागतात. वृत्तपत्रात ती पुरवण्याचे काम चित्राखालची एक ओळ करते. चित्र हे अनेकार्थी पद मानले, तर चित्रओळ हे त्याचे सन्निध पद होय. बार्थने १९६४ मधील आपल्या निबंधात चित्रालगतच्या मजकुराच्या या कार्याला नांगराची उपमा दिली आहे.

मात्र शब्द आणि छायाचित्र यांत एक महत्त्वाचा भेद आहे. अनेकार्थी शब्दाचा एक अर्थ नियत झाला तरी दुसरा अर्थ रसिकाच्या मनात जागा राहू शकतो आणि ध्वनीची एक जात त्यातूनच निर्माण होते. छायाचित्राच्या बाबतीत असे घडत नाही. चित्रओळीने एक अर्थ नेमून दिला की इतर शक्यता वाचकाला सुचतच नाहीत, कारण आपण अर्थ लावत आहोत याचीच त्याला जाणीव नसते. आपण फक्त पाहत आहोत, अशी त्याची समजूत असते. युद्धप्रचाराचे सामर्थ्य या समजुतीत आहे.

२

छायाचित्रात हस्तक्षेप करण्याच्या जागा तीन आहेत : चित्र घेण्यापूर्वी दृश्याची मांडणी, घेतल्यानंतर प्रतिमेवरील संस्कार, आणि प्रसिद्ध करताना दिलेली ओळ. पहिल्या जागेचे एक अगदी आरंभीचे उदाहरण हिंदुस्थानातलेच आहे. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी लखनौच्या सिकंदर बागेत इंग्रजी फौजेने सुमारे दोन हजार हिंदी शिपाई ठार केले. फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार लखनौला पोहोचला तो १८५८ च्या वसंतात. त्याच्या प्रसिद्ध छायाचित्रात उद्ध्वस्त इमारतीसमोर कवट्या आणि हाडे विखुरलेली आहेत आणि मागे काही हिंदी माणसे उभी आहेत. प्रेते तोपर्यंत झाकली गेली होती, पण छायाचित्रकाराने ती चित्रासाठी पुन्हा उघडी करण्याचा आग्रह धरला, अशी नोंद सर जॉर्ज कॅम्बेल या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत केली आहे. संहार खरा होता. त्याचे दिसलेले रूप मात्र काही महिन्यांनी, पाहणाऱ्यासाठी रचलेले होते.

या युद्धात कॅमेरा एकाच पक्षाकडे होता. दुसऱ्या पक्षाची रिकामी जागा पुढे वेगळ्या रीतीने भरली गेली. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे १८५० मध्ये हॉफमन नावाच्या छायाचित्रकाराने घेतलेले चित्र म्हणून एक छायाचित्र एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर सर्वत्र प्रसृत झाले. ज्या जॉन्स्टन अँड हॉफमन संस्थेशी ते जोडले जाते, ती कलकत्त्यात १८८० नंतर स्थापन झाली, आणि राणी तर जून १८५८ मध्येच धारातीर्थी पडल्या होत्या. येथेही चित्रातील स्त्री खरी आहे. तिला दिलेले नाव आणि साल तेवढे तिचे नाही.

दुसऱ्या जागेची, म्हणजे प्रतिमेवरील संस्काराची, उदाहरणे पाश्चात्य युद्धांत विपुल आहेत. पहिल्या महायुद्धात फ्रँक हर्ली याने अनेक काचा एकत्र करून रणभूमीची भव्य दृश्ये तयार केली, तेव्हा ऑस्ट्रेलियाचा युद्धवार्ताहर चार्ल्स बीन याने त्यांना उघड विरोध केला. मे १९४५ मध्ये बर्लिनच्या राइशस्टागवर सोव्हिएत ध्वज फडकवणाऱ्या सैनिकांचे येवगेनी खाल्देई याने घेतलेले चित्र प्रसिद्ध करताना एका सैनिकाच्या हातातील दुसरे घड्याळ खरवडून काढण्यात आले, कारण दोन घड्याळे म्हणजे लुटीची खूण ठरली असती. पार्श्वभूमीला धूरही वाढवण्यात आला. असा संस्कार मूळ काच हाती आली की सिद्ध करता येतो. तिसऱ्या जागेतील हस्तक्षेपाची खूण मात्र मूळ काचेवर सापडत नाही.

३

११ डिसेंबर १९७१ रोजी दुपार उलटल्यावर ढाक्याच्या वायव्येस टांगाईलजवळ भारतीय छत्रीधारी सैनिक उतरले. ही दुसरी पॅरा बटालियन होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधून ती घडली होती आणि ‘मराठा’ हा शब्द तिच्या नावाशी तेव्हाही जोडलेला होता. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू तिचे नेतृत्व करीत होते. लोहाजंग नदीवरील पुंगलीचा पूल ताब्यात घेऊन जमालपूर-मैमनसिंगकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट अडवणे हे तिचे काम होते. ते तिने केले. कादेर सिद्दिकी यांच्या मुक्तिसैनिकांचे साहाय्य तिला मिळाले, आणि उत्तरेकडून लढत आलेली मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, तिला येऊन मिळाली. १६ डिसेंबरच्या सकाळी ढाक्यात प्रथम शिरलेल्या तुकड्यांत ही छत्रीधारी पलटण होती.

पलटण म्हणजे हजाराच्या आतबाहेरचे मनुष्यबळ. जगाने वाचलेला आकडा मात्र पाच हजारांपर्यंत गेला होता. या आकड्याला डोळ्यांनी पाहता येईल असा आधार एका छायाचित्राने दिला. लष्कराचे तत्कालीन जनसंपर्क अधिकारी आय. राममोहन राव यांनी या प्रसंगाची हकीकत पुढे स्वतःच सांगितली. वार्ताहर टांगाईलच्या उडीचे चित्र मागत होते आणि तसे चित्र उपलब्ध नव्हते. आग्रा येथे पूर्वी झालेल्या एका सरावात संपूर्ण पॅरा ब्रिगेड उतरवण्यात आली होती, तिची छायाचित्रे संग्रही होती. त्यांतील एक वृत्तपत्रांना देण्यात आले. लंडनच्या ‘टाइम्स’सह परदेशी पत्रांत ते झळकले. आकाश भरून गेलेल्या छत्र्या पाहणाऱ्याला ब्रिगेड उतरल्याचा प्रत्यय येणे स्वाभाविक होते, कारण चित्रात ब्रिगेडच उतरत होती. ती फक्त बंगालमध्ये उतरत नव्हती.

या प्रसंगातील अर्थव्यापार नीट पाहण्यासारखा आहे. चित्रातील प्रत्येक घटक जागच्या जागी राहिला. बदलली ती देश आणि काल ही दोन नियामके. आग्र्याच्या जागी टांगाईल आले, सरावाच्या जागी युद्ध आले, आणि सैनिकांची संख्या न बोलता अनेक पटींनी वाढली. चित्र पाहणाऱ्याने ती वाढ स्वतःच्या डोळ्यांनी मोजली, म्हणून त्याला ती कोणी सांगितल्यासारखी वाटली नाही.

ढाक्यातील पूर्व विभागाचे सेनापती ले. जन. नियाझी यांच्या मनोधैर्यावर या चित्राचा परिणाम झाला, असे राव यांच्यासह अनेकांनी प्रतिपादन केले आहे. सुमारे ९३ हजार माणसांच्या शरणागतीमागे अनेक कारणे होती आणि त्यांतील एकाच चित्राचा वाटा वजनकाट्यावर तोलता येणार नाही. तरीही युद्ध काही दिवसांनी, काही तासांनी जरी लवकर संपले असेल, तर त्या चित्राने दोन्ही बाजूंचे प्राण वाचवले, हा युक्तिवाद हलका नाही. त्याला उत्तर देणे प्रस्तुत विवेचनाला चुकवता येणार नाही. त्यापूर्वी प्रतिपक्षाकडे पाहणे आवश्यक आहे.

४

राव यांचे प्रतिरूप म्हणावेत असे अधिकारी ढाक्यात होते. मेजर सिद्दिक सालिक हे पाकिस्तानी लष्कराचे जनसंपर्क अधिकारी शरणागतीनंतर युद्धकैदी झाले आणि सुटकेनंतर १९७७ मध्ये त्यांनी ‘विटनेस टु सरेंडर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तरेकडून मित्र मदतीला येतील, असे संकेत पश्चिम पाकिस्तानातून ढाक्याला पोहोचले होते. त्यामुळे टांगाईलच्या आकाशात छत्र्या दिसल्या, तेव्हा त्या चिनी सैनिकांच्या असाव्यात अशी आशा काहींना वाटली. ही गोष्ट विनोदी वाटली तरी सिद्धान्ताच्या दृष्टीने मोलाची आहे. येथे प्रत्यक्ष छत्र्या पाहणाऱ्याजवळही चित्रओळ होती. ती छापलेली नव्हती, मनात तयार होती. लंडनच्या वाचकाला चित्रावरून ब्रिगेड दिसली आणि टांगाईलच्या पाकिस्तानी शिपायाला आकाशात मित्र दिसले. पाहण्याआधी मिळालेल्या शब्दांनी दोघांचेही डोळे बांधलेले होते.

पाकिस्तानी बाजूने वापरल्याचा संशय असलेले तंत्र पहिल्या जातीचे, म्हणजे दृश्य रचण्याचे होते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रीच्या बाँबवर्षावात ढाक्यातील एक अनाथालय उद्ध्वस्त झाले आणि मुले मृत्युमुखी पडली. भारतीय हवाई दलाचे क्रौर्य म्हणून ते दृश्य जगापुढे आले. ढाक्यातील अमेरिकी वाणिज्य महादूत हर्बर्ट स्पिव्हॅक यांनी मात्र आपल्या शासनाला पाठवलेल्या तारेत वेगळा निष्कर्ष कळवला. हे बाँब भारताला बदनाम करण्यासाठी पाकिस्तानच्याच विमानातून टाकले गेल्याचे पुरावे दिसतात, असा त्या तारेचा आशय होता. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रकाशित कागदपत्रांत ती आता वाचता येते. हा निष्कर्ष मान्य केला, तर बेआतोची हाडे आणि हे ढिगारे यांत एक भयंकर अंतर दिसते. बेआतोने झालेल्या संहाराची मांडणी केली होती. येथे मांडणीसाठी संहार झाला असे म्हणावे लागते.

विजयानंतरही हा प्रश्न मिटला नाही. १८ डिसेंबर रोजी ढाक्याच्या पल्टन मैदानावर पाकिस्तानचे साथीदार असल्याचा आरोप असलेल्या बंदिवानांना कादेर सिद्दिकी यांच्या उपस्थितीत संगिनींनी भोसकून ठार करण्यात आले. आपल्या उपस्थितीमुळेच हे घडत आहे अशा भावनेने काही छायाचित्रकार तेथून निघून गेले. हॉर्स्ट फास आणि मिशेल लोराँ थांबले, आणि त्यांच्या चित्रांना १९७२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. या चित्रांत बनावट असे काहीच नव्हते. पण विजयी पक्षाला ती अडचणीची आणि पराजिताला सोयीची होती. टांगाईलला भारतीय पलटणीला मदत करणाऱ्या दलाचेच नाव येथे येते, ही वस्तुस्थिती दोन्ही बाजूंच्या सरळ चित्रओळींत बसत नाही.

५

या युद्धातील आणखी एका छायाचित्राचे भवितव्य सर्वांत बोधप्रद आहे. किशोर पारेख यांनी डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशात घेतलेली छायाचित्रे १९७२ मध्ये ‘बांगलादेश : अ ब्रूटल बर्थ’ या पुस्तकात प्रसिद्ध झाली. त्यांतील एका चित्रात एक सैनिक एका गावकऱ्याच्या लुंगीत डोकावून पाहत आहे. भारतीय सैनिक हेर असल्याच्या संशयावरून पकडलेल्या गावकऱ्यांची शस्त्रांसाठी झडती घेत आहेत, असा पुस्तकातील ओळीचा आशय आहे. पुढे हेच चित्र वेगळ्या ओळीसह फिरू लागले. सुंता झाली आहे की नाही हे पाहून पाकिस्तानी सैनिक हिंदूंना वेगळे काढत आहेत, असा त्याचा नवा अर्थ ठरला. सैनिकाचा देश बदलला, हेतू बदलला आणि झडतीचे रूपांतर नरसंहाराच्या पूर्वक्षणात झाले.

येथे एक अवघड गोष्ट मान्य करावी लागते. नव्या ओळीत सांगितलेला प्रकार काल्पनिक नाही. पाकिस्तानी सैनिकांनी अशी तपासणी करून माणसांना मारल्याच्या साक्षी विपुल आहेत. म्हणजे ओळ युद्धाविषयी खरी आहे आणि चित्राविषयी खोटी आहे. ‘व्यापक सत्य सांगते ना, मग चित्र कोणते का असेना’, असे म्हणण्याचा मोह अशा वेळी होतो. परंतु खऱ्या अत्याचाराला चुकीचा साक्षीदार उभा केला की उलटतपासणीत साक्षीदार फुटतो आणि त्याच्याबरोबर खटलाही कोसळतो. १९७१ चा नरसंहार नाकारू इच्छिणाऱ्याला एवढी एक ओळ खोटी ठरवणे पुरेसे होते. ज्यांच्या बाजूने ते चित्र फिरवले गेले, त्या मृतांचेच त्यात नुकसान आहे.

६

आता आग्र्याच्या छायाचित्राकडे पुन्हा वळता येईल. मराठी वाचकाला या ठिकाणी ‘नरो वा कुंजरो वा’ आठवल्यावाचून राहणार नाही. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता आणि युधिष्ठिराचे वाक्य शब्दशः खरे होते. द्रोणाने त्या नावाचा जो अर्थ घेतला, तो खोटा होता. आग्र्याला सैनिक खरोखर उतरले होते. वाचकाने जे स्थळ मानले, ते खोटे होते. महाभारतकाराने त्या विधानाने युद्ध जिंकले गेले हे लपवले नाही, आणि युधिष्ठिराचा जमिनीपासून चार बोटे वर चालणारा रथ त्या क्षणी खाली आला, हेही लपवले नाही. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगण्याची ही तयारी आधुनिक युद्धेतिहासात दुर्मिळ आहे.

युद्धात शत्रूला चकवणे निषिद्ध नाही. १९०७ च्या हेग नियमांनी आणि १९७७ च्या जिनिव्हा करारांच्या पहिल्या पूरक मसुद्याने युद्धयुक्ती वैध मानली आहे. राव यांच्या कृतीचे समर्थन या कसोटीवर करता येते. परंतु वृत्तपत्राची शत्रूसाठी वेगळी आणि नागरिकांसाठी वेगळी आवृत्ती निघत नाही. नियाझींना फसवणारे चित्र त्याच क्षणी लंडनच्या, मुंबईच्या आणि पुढच्या पिढ्यांच्या वाचकालाही फसवते. म्हणून युद्धयुक्तीला मुदत असली पाहिजे. युद्ध संपले की तिची आवश्यकता संपते आणि चित्रओळ दुरुस्त करण्याचे कर्तव्य सुरू होते. राव यांनी हकीकत उघड करून आपल्या परीने ते पार पाडले. तरीही ते चित्र टांगाईलच्या उडीचे म्हणून आजही छापले जाते, आणि या दोषाची जबाबदारी १९७१ च्या जनसंपर्क अधिकाऱ्यावर टाकता येणार नाही. ती नंतरच्या लेखकांची, संपादकांची आणि अभ्यासकांची आहे.

या हलगर्जीचे परिणाम दोन आहेत. पहिला परिणाम प्रत्यक्ष उडी घेणाऱ्यांच्या वाट्याला आला. एका पलटणीने शत्रूच्या पिछाडीला उतरून पूल जिंकला आणि राखला, हा पराक्रम ब्रिगेडच्या गर्दीपेक्षा लहान नाही, उलट संख्या कमी म्हणूनच तो मोठा आहे. पण लोकांच्या स्मरणात जे दृश्य राहिले, त्यात ते लोक नाहीत. त्यांच्या जागी सरावाच्या दिवशी आग्र्याच्या आकाशात तरंगणारे लोक आहेत.

दुसरा परिणाम निकषाचा आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पाकिस्तानच्या प्रतिनिधी मलीहा लोधी यांनी काश्मीरमधील छऱ्यांनी जखमी झालेली मुलगी म्हणून एक छायाचित्र उंचावून दाखवले. हायडी लेव्हिन यांनी २०१४ मध्ये गाझा येथे ते घेतले होते. भारताने या असत्यावर बोट ठेवले आणि ते योग्यच होते. या कृतीला युद्धयुक्तीची ढाल नव्हती, कारण जगाच्या सभेत चित्र पुरावा म्हणून मांडले गेले होते. तथापि व्यापार तोच होता : जखमा खऱ्या, देश दुसरा. एका चित्राला चातुर्य आणि दुसऱ्याला खोटारडेपणा म्हणावयाचे असेल, तर त्यांतील भेद प्रसंगाच्या आधारे दाखवता आला पाहिजे. तो केवळ ध्वजाच्या आधारे केला जात असेल, तर समीक्षा आणि प्रचार यांत अंतर उरत नाही.

संहितेचे पाठ तपासणारा अभ्यासक प्रक्षिप्त ओव्या वेगळ्या काढतो, त्या सुंदर असोत वा आपल्या संप्रदायाला अनुकूल असोत. युद्धाच्या छायाचित्राखालील ओळीलाही हीच शिस्त लावावयास हवी. ती कोणी लिहिली, केव्हा लिहिली, तिच्यापूर्वी त्या चित्राखाली काय लिहिलेले होते, हे प्रश्न प्रत्येक चित्राला विचारले पाहिजेत, आणि आपल्या बाजूच्या चित्राला ते सर्वांत आधी विचारले पाहिजेत. टांगाईलच्या उडीचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकात आग्र्याचे छायाचित्र जरूर असावे, कारण तेही त्या युद्धाचे एक शस्त्र होते. फक्त त्याच्याखाली आग्रा असे लिहिलेले असावे.